तज्ज्ञ लिहिता येत नव्हतं म्हणून

नांदेडच्या एका सरकारी कार्यालयानं आम्हा सहा उर्दू वाचणाऱ्यांना फसवलं. आमच्या शेजारच्या टेबलांवर मोडी वाचणारे बसत. हॉल एक, वेळ एक, काम एक. त्यांना दिवसाचे तीन रुपये मिळाले असं धरलं, तर आम्हाला दोन मिळाले. आणि हे आधीच सांगून टाकतो की ज्या शब्दानं आम्हाला फसवलं तो शब्द कार्यालयाकडं नव्हता. तो मी नेऊन दिला. माझ्या अक्षरात, चांगल्या पेनानं.

लातूरला माझं जुन्या मोटारसायकली घेण्या-विकण्याचं दुकान आहे. मी मूळचा निलंग्याचा. सोळाव्या वर्षी लातूरच्या एका गॅरेजात गाड्या धुवायला लागलो आणि आज माझ्या दुकानापुढं वीस-बावीस गाड्या उभ्या असतात. गाडी घेताना मी तिच्याभोवती एक चक्कर मारतो, काही बोलत नाही, फक्त एक सुस्कारा सोडतो. त्या सुस्काऱ्यावर मालकाचे हजार-दोन हजार उतरतात. मी बाजारात शिरलो की भाजीवाल्या कोथिंबीर झाकून ठेवतात, असं माझी बायको सांगते. ती वाढवून सांगते, पण फार नाही. रागाचं म्हणाल तर एकदा हेल्मेट फुकट द्यायचं की नाही यावरून मी ठरलेला सौदा मोडला होता, आणि ती गाडी पुढं चार महिने माझ्याच दारात उन्हात रंग सोडत उभी होती.

असा माणूस सरकारी कामावर कसा गेला, तर वडिलांमुळं. वडील अर्जनवीस. निलंग्याच्या तहसीलबाहेर लिंबाखाली बसून त्यांनी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. निजामाच्या काळातले जुने उर्दू दस्तही लोक त्यांच्याकडं वाचायला आणत. ते दस्त शिकस्ता लिपीत असतात. लिहिणारा घाईत, नुक्ते म्हणजे अक्षरांची टिंबं गायब, एक शब्द दुसऱ्याच्या अंगावर पडलेला, आणि आकडे आकड्यांसारखे दिसत नाहीत. शाळेत उर्दू शिकलेल्याला त्यातली ओळ लागत नाही. मला लागते, कारण वडिलांनी मला ती पट्टी मारून शिकवली. त्या विद्येचा मला पन्नास वर्षांत एक पैशाचा उपयोग झाला नव्हता.

मग जुन्या नोंदी शोधायची सरकारी मोहीम निघाली. कुणाच्या खापरपणजोबाच्या नावापुढं कुठली जात लिहिली आहे, ते जुन्या रजिस्टरांतून काढायचं, म्हणजे आजच्या पोरांना दाखले मिळतील. काही रजिस्टरं मोडीत, काही उर्दूत. मोडी वाचणारे मिळाले. उर्दू वाचणारे म्हणून शाळामास्तर बोलावले, तर ते रजिस्टर उघडून मिटून परत गेले. शेवटी कुणीतरी माझं नाव सांगितलं आणि नांदेडहून फोन आला.

फोनवर अव्वल कारकून होता. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. मी म्हणालो, भेटून बोलू. समोरासमोर बसल्याशिवाय मी सौदा करत नाही.

"काम करीन," मी त्याच्या टेबलापुढं बसून म्हणालो, "पण खुर्ची हाताची पाहिजे. माझी कंबर धरते."

"देऊ की शेठ."

"डोक्यावर पंखा."

"देऊ."

"दर आठवड्याला लातूरला जायचं-यायचं एस.टी.चं भाडं."

"यायचं देऊ."

"जायचं कोण देणार? मी काय नांदेडातच मरू?"

भाऊसाहेब हसला. "बरं, दोन्ही देऊ. मानधन मात्र शासनाच्या नियमाप्रमाणं."

मी मान हलवली. एवढ्या लवकर हो म्हणणाऱ्या माणसाच्या गाडीत खोट असते, हे मी माझ्या दुकानात रोज लोकांना सांगतो. पण त्या दिवशी मी दर विचारला नाही. कारण सांगायला लाज वाटते. आमच्या घराण्यात सरकारी टेबलाच्या आतल्या बाजूला बसणारा मी पहिला. बाप तीस वर्षं बाहेर, लिंबाखाली. मला वाटलं, आत बोलावलंय तर पैशाचं विचारून हलकं कशाला व्हायचं. हलकं होण्याची भीती मला आयुष्यात एकदाच वाटली, आणि ती नेमकी तिथं.

मग त्यानं कोरा कागद पुढं केला. "अर्ज लिहा. उर्दूचे तज्ज्ञ म्हणून काम करण्यास तयार आहे, असा."

मी लिहायला लागलो आणि त्या शब्दापाशी पेन थांबलं. तज्ज्ञ. यात ज किती? एक मोकळा ज आणि एक ज्ञ? की नुसताच ज्ञ? दुकानांच्या पाट्या आठवून पाहिल्या. दातांच्या तज्ज्ञाची पाटी वेगळी होती, त्वचेच्या तज्ज्ञाची वेगळी. भाऊसाहेबाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मी, पाच पिढ्या निलंग्यात काढलेल्या घरातला, अर्जनवीसाचा मुलगा, एका कारकुनाला मराठीचं शुद्धलेखन विचारू? तो मनात म्हणणार, मियाँला मराठी येत नाही. मी तसं होऊ देणार नव्हतो. मी ऐटीत लिहिलं: 'उर्दूचा जाणकार म्हणून'. अर्थ तोच, काना-मात्रा बिनचूक. अर्ज त्याच्यापुढं सरकवताना मला माझाच अभिमान वाटला.

नांदेडला मी बहिणीच्या घरी राहायचो. सकाळी दहाला हॉलमध्ये. माझ्यानंतर महिनाभरात आणखी पाच जण आले, सगळे आमचेच. त्यात सर्वांत वडील एक मास्तरसाब. उर्दू शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. शिकस्ता त्यांनी उतारवयात, आवड म्हणून, घरी बसून शिकलेली. त्या मजल्यावर कायम नोकरीत आमच्यातला एकच माणूस होता, पाण्याचे जार भरणारा शिपाई, आणि त्याचीही दोनच वर्षं उरली होती. आम्हा सहा जणांना ओळीनं बसलेलं पाहून तो दारात थबकला.

"अपने इत्ते लोगां? इस हॉल में?" तो हळूच मला म्हणाला. "कोई मर गया क्या?"

माझ्या शेजारच्या टेबलावर मोडी वाचणारी एक मुलगी होती. मुरुडकडच्या शेतकरी घरातली, स्पर्धा परीक्षा देणारी, मोडीचा थोड्या दिवसांचा वर्ग करून आलेली. हुशार पोरगी. मला चाचा म्हणायची. कधी एकाच कुटुंबाची नोंद थोडी मोडीत आणि थोडी उर्दूत असायची. मग आमची दोघांची जोडी.

"चाचा, शिकस्ता म्हणजे काय हो?"

"मोडलेली. अक्षरं मोडून लिहिलेली."

"अन् मोडी म्हणजे पण मोडलेलीच म्हणतेत की," ती म्हणाली. "तुमची पण मोडकी, आमची पण मोडकी. भंगारचं दुकान टाकू आपण."

"भंगार घेताना तोंड बंद ठेवायचं असतं," मी म्हणालो. "तुला जमणार नाही."

लोक रांगा लावून येत. एकदा निलंग्याकडचा एक म्हातारा मुलाला घेऊन आला. मुलाची कुठल्याशा भरतीची तारीख जवळ आलेली. दोन कार्यालयांतून हात हलवत परत आलेले. मी त्यांचं गाव असलेलं रजिस्टर घेतलं आणि दोन दिवस कसरीनं खाल्लेली पानं उलटली. तिसऱ्या दिवशी सापडलं. त्याच्या पणजोबाचं नाव, पुढं जात, खाली पटवाऱ्याची सही. म्हाताऱ्यानं माझे हात धरले. मुलानं पेढ्याचा पुडा ठेवला आणि म्हणाला, "चाचा, तुमच्यामुळं सरकारी नोकरीत लागीन बघा." मी पेढा खाल्ला. गोड लागला. आमच्या टेबलांवरच्या रजिस्टरांतून अशी किती पोरं सरकारी नोकरीच्या दारापर्यंत गेली असतील. ते चांगलंच झालं. मला त्यात काही सलत नाही. सलतं ते वेगळंच, आणि ते मला पहिलं मानधन खात्यात आलं तेव्हा कळलं.

त्या दिवशी चहा पिताना मुलीनं विचारलं, "चाचा, तुमचं जमा झालं का? माझं एवढं आलं." आणि तिनं आकडा सांगितला.

तिचा आकडा माझ्या दीडपट होता. आता सरळ माणूस काय म्हणाला असता? म्हणाला असता, माझं कमी आलं, का बरं? पण बाजारात एक सवय लागते. समोरच्यानं आकडा सांगितला की आपला त्याच्या वर सांगायचा. माझ्या तोंडातून आपोआप आकडा गेला. तिच्यापेक्षा बराच वरचा.

"लईच की," ती म्हणाली.

"उर्दू अवघड असते," मी म्हणालो.

बहिणीच्या घरी जाऊन बायकोला फोन केला आणि खरं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दर विचारलाच नव्हता?"

"नाही."

"मग दोन तास बसून काय ठरवून आलात?"

"खुर्ची. पंखा. एस.टी.चं भाडं, दोन्हीकडचं."

"म्हणजे इंजिन न बघता शीटकव्हर बघून गाडी घेतली," ती म्हणाली. "आता हे दुकानात कुणाला सांगू नका."

मी तेच ठरवलं होतं. गप्प बसायचं. मी भावात फसलो हे लातूरला कळलं असतं तर माझ्या सुस्काऱ्याला पुन्हा कुणी शंभर रुपये उतरवले नसते. मला माझ्या नुकसानीपेक्षा माझ्या नावाची काळजी जास्त होती. बाकीच्या पाच जणांना किती मिळाले हे विचारायचंही मला सुचलं नाही.

पण मुलगी गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या हॉलच्या देखत ती भाऊसाहेबाच्या टेबलापाशी गेली.

"भाऊसाहेब, उर्दूवाल्या चाचांना आमच्यापेक्षा जास्त का? काम सारखंच हाय की."

"कोण म्हणालं जास्त?" त्यानं यादी काढली आणि मोठ्यानं वाचली. मोडी लिपी तज्ज्ञ, अमुक. उर्दू जाणकार, तमुक. हॉलमधली सगळी डोकी आधी यादीकडं आणि मग माझ्याकडं वळली. मुलीनं माझ्याकडं पाहिलं तेव्हा मी रजिस्टरात इतका खोल शिरलो होतो, की नाक पानाला लागलं.

मग मी उठलो. लाज वाटली की मला राग येतो. हा माझा जुना रोग आहे.

"हे जाणकार आलं कुठून?" मी विचारलं.

"तुमच्याकडून, शेठ," भाऊसाहेब शांतपणे म्हणाला. "वरून विचारणा आली होती की उर्दू वाचणाऱ्यांचं पदनाम काय धरायचं. तुमचा अर्ज समोर होता. जाणकार. तेच कळवलं. तज्ज्ञाचा दर होता, जाणकाराचा नव्हता. मग वरून जाणकाराचा वेगळा दर आला."

"तू मला तज्ज्ञ लिही म्हणाला होतास."

"मग लिहायचं होतं की."

उत्तर नसलं की मी आवाज वाढवतो. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, की मला तुमची मेहेरबानी नको, तो पंखा आत्ता काढून न्या. आणि त्यानं खरोखर नेला. एप्रिलचा महिना होता. पुढचे सगळे दिवस मी रुमालानं घाम पुसत काम केलं आणि मास्तरसाब अधूनमधून मला वर्तमानपत्रानं वारा घालत. पण त्याच दिवशी, भाऊसाहेबाच्या टेबलापासून वळता वळता, मी विचारलं होतं, बाकीच्या पाच जणांच्या अर्जांत काय आहे?

"जाणकारच. तुमचाच अर्ज नमुना म्हणून दिला सगळ्यांना," भाऊसाहेब म्हणाला. "अक्षर लई छान हाय तुमचं."

म्हणजे मी एकटा फसलो नव्हतो. मी पाच माणसांना घेऊन बुडालो होतो. त्यातल्या एकालाही तज्ज्ञ लिहायची अडचण नव्हती. मास्तरसाबांना हे मीच सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, मान खाली घालून. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"मी तज्ज्ञच लिहिलं होतं," ते म्हणाले. "भाऊसाहेब म्हणाले, नमुन्याप्रमाणं लिहा. मग खोडून जाणकार लिहिलं. मला वाटलं, सरकारला हाच शब्द पाहिजे."

"तुम्हाला तज्ज्ञ लिहिता येतं?"

"त, मग अर्धा ज, मग ज्ञ. तत् अधिक ज्ञ. तत् म्हणजे ते, ज्ञ म्हणजे जाणणारा. ते जाणणारा तो तज्ज्ञ." त्यांनी डबा पिशवीत ठेवला. "म्हणजे जाणकारच, मियाँ. अर्थ एकच आहे. दर तेवढा वेगळा."

मोहीम महिनाअखेर बंद होणार होती. बंद होण्याआधी दर दुरुस्त झाला तरच फरक मिळणार, नंतर कुणी दारात उभं करणार नव्हतं. आम्ही सहा जणांनी अर्ज लिहिला. शब्द मास्तरसाबांचे, अक्षर माझं. यावेळी मी प्रत्येक तज्ज्ञ त्यांना विचारून लिहिला. मुलगी म्हणाली, "चाचा, मी पण सही करते. काम सारखंच हाय असं लिहून देते." मला आधी वाटलं, यात हिचा काय फायदा? मी तो शोधत बसलो. सापडला नाही. शेवटी म्हणालो, कर. माझ्या खोट्या आकड्याबद्दल तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, हे मला तिनं शिव्या दिल्या असत्या त्यापेक्षा जास्त लागलं.

अर्ज घेऊन मी आणि मास्तरसाब भाऊसाहेबाच्या वरच्या साहेबांकडं गेलो. साहेब सभ्य होते, बसा म्हणाले. अर्ज वाचला.

"हे बघा, शब्दाचं एवढं काही नाही," ते म्हणाले. "मोडीला प्रशिक्षण लागतं. त्यांनी वर्ग केलाय, प्रमाणपत्र आहे. उर्दू काय, तुमची घरचीच भाषा. ती तुम्हाला येणारच."

मला अजून त्या वाक्याचा राग येतो. सौद्याच्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाईक म्हणत होतं, की तुमची गाडी बापजाद्यांनी ठेवलेली, मग तिचे पैसे कशाला मागता? आमच्या घरात दखनी बोलतात. शिकस्ता कुणी घरात बोलत नाही, ती कुणालाही आईच्या दुधातून येत नाही. ती मला पट्टी खाऊन आली आणि मास्तरसाबांना म्हातारपणी डोळे फोडून आली. ज्या शाळामास्तरांना तुम्ही आधी बोलावलं होतं, त्यांच्या घरातही उर्दूच होती. ते का परत गेले? हे सगळं मला तिथं नीट बोलायचं होतं. त्याऐवजी मी उभा राहिलो आणि म्हणालो, की साहेब, तुमची घरची भाषा मराठी, मग मराठीत काम करण्याचा पगार तुम्ही घेता कशाला?

मास्तरसाबांनी माझी बाही ओढली. साहेबांचा चेहरा बंद झाला. "आवकला द्या अर्ज," ते म्हणाले. एक चांगला मुद्दा होता, तो मी दोन मिनिटांत भांडण करून ठेवला. लातूरला हेल्मेटपायी सौदा गमावला होता. इथं पाच जणांचा फरक.

आवकला शिक्का बसला. महिनाअखेर मोहीम संपली. आम्हाला एकेक प्रमाणपत्र मिळालं, माझं घरी भिंतीवर लावायचं म्हणून बायकोनं फ्रेमवाल्याकडं नेलं आणि वाचून परत आणलं. त्यावर लिहिलं होतं, 'उर्दू जाणकार'. मुलीच्या प्रमाणपत्रावर 'मोडी लिपी तज्ज्ञ'.

त्यानंतर मी तीन वेळा नांदेडला गेलो, स्वतःच्या भाड्यानं. पहिल्या वेळी सांगितलं, अर्ज वर पाठवला. दुसऱ्या वेळी, वरून माघारी आला. तिसऱ्या वेळी साहेब बदलून गेले होते आणि नव्या साहेबांना हा विषयच माहीत नव्हता. मास्तरसाब दर जुम्म्याला फोन करतात. पैशाचं विचारत नाहीत. एवढंच विचारतात, "जवाब आया क्या?" मी म्हणतो, येईल. जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाला मी आरसी बुक येईल म्हणतो, त्याच आवाजात.

माझ्या वाट्याची चूक मी मान्य केली आहे. पाचही जणांच्या घरी जाऊन, तोंडावर. तज्ज्ञ लिहिता येत नव्हतं, लाज वाटली, दर विचारला नाही, साहेबांवर ओरडलो. हे सगळं माझं. पण माझ्या अर्जातला शब्द उचलून दुसऱ्या पाच माणसांच्या नावापुढं मी लावला नाही. आणि एक शब्द बदलला म्हणून दर एक तृतीयांशानं खाली आणायचं मी ठरवलं नाही. ते कुणीतरी ठरवलं. त्या माणसाला टेबल आहे, खुर्ची आहे, सही आहे. त्यानं उत्तर द्यावं. तोंडी नको, मला तोंडी सौदे पुरेसे झाले. लेखी द्यावं, शिक्क्यानिशी, सहाही नावांना वेगवेगळं, की एकाच हॉलमधल्या, एकाच कुटुंबाच्या नोंदीचं अर्धं पान वाचणारा तज्ज्ञ आणि उरलेलं अर्धं वाचणारा त्याहून स्वस्त, हे त्यानं कशावरून काढलं. पहिलं पत्र मास्तरसाबांच्या पत्त्यावर पाठवावं. त्यांचं वय झालं आहे.